ग्रॅफाइट धुतल्यावर घाण कुठं जाते?

(छत्रपती संभाजीनगर येथे झालेल्या कार्यकर्ता शिबिरात युवा गटाने केलेली मांडणी. ज्या गावांतून कोणी येऊ शकलं नाही, तिथं बैठकीत मोठ्याने वाचून दाखवावी.)



आपल्या शिबिरात जमिनीचा विषय निघाला की वनहक्काचे दावे, सातबारा, गायरानाच्या नोंदी, तहसीलचे हेलपाटे यावरच बोलणं होतं. ते व्हायलाच पाहिजे. पण युवा गटाने आज जो विषय मागून घेतला तो एका दगडाचा आहे. ग्रॅफाइट नावाचा दगड, आणि तो ॲसिडने धुवायची पद्धत. काही जुन्या साथींनी विचारलं, "दावे निकाली निघत नाहीत आणि तुम्ही केमिस्ट्री काय शिकवता?" म्हणून आधी तेच सांगतो, आपला याच्याशी संबंध काय.

दोन बातम्या शेजारी-शेजारी ठेवून बघा.

पहिली आपल्या जिल्ह्यातली. ऑरिक या नावाने शेंद्रा आणि बिडकीन मिळून सुमारे १० हजार एकरांवर औद्योगिक शहर उभं राहतंय. २९ सप्टेंबर २०२४ ला प्रधानमंत्र्यांनी बिडकीनच्या वसाहतीचं उद्घाटन केलं. त्याच वर्षी एथर कंपनीने विजेवरच्या स्कूटरींचा कारखाना बिडकीनला जाहीर केला. टोयोटा किर्लोस्करने ३१ जुलैला मोटारींच्या कारखान्यासाठी राज्य सरकारशी करार केला.

दुसरी बातमी नर्मदेपलीकडची. नंदुरबारच्या समोर, नदी ओलांडली की मध्य प्रदेशचा अलिराजपूर जिल्हा लागतो. भिल-भिलाला लोकांचा मुलुख. सोयरीक इकडची तिकडे होते. तिथल्या खट्टाली छोटी या ग्रॅफाइटच्या ब्लॉकचा लिलाव केंद्र सरकारने केला आणि २०२४ मध्ये कोल इंडियाची बोली पसंत ठरली. आधी तपासणी करायची, माल पुरेसा निघाला तर खाण काढायची, असा तो परवाना आहे.

या दोन बातम्यांना जोडणारी वस्तू म्हणजे बॅटरी. विजेवरच्या एका मोटारीच्या बॅटरीत साधारण ५० ते १०० किलो ग्रॅफाइट लागतं. पण खाणीतून निघालेला दगड तसाच बॅटरीत जात नाही. खाण आणि गाडी यांच्या मध्ये एक कारखाना लागतो. त्या कारखान्याबद्दल कुणी भाषण करत नाही, फीत कापायला कुणी जात नाही. तिथं ग्रॅफाइट शुद्ध होतं, आणि सगळ्यात जास्त घाणही तिथंच निघते. गाडी जोडायच्या कारखान्यात ग्रॅफाइट धुवत नाहीत, हे नीट लक्षात घ्या. आपण कुणावर खोटा आळ घेणार नाही. पण जिथं गाड्या तिथं बॅटरी, आणि जिथं बॅटरी तिथं तिचा कच्चा माल करणारे जवळ जागा बघतात. उद्या तशी पाटी लागली तर आपल्याला काय विचारायचं ते माहीत पाहिजे. आजचं बोलणं त्यासाठी.

तर ग्रॅफाइट म्हणजे काय? शाळेतली शिसपेन्सिल सगळ्यांनी वापरली आहे. तिच्यात शिसं नसतं, ग्रॅफाइट आणि चिकणमाती असते. बॅटरीच्या जुन्या सेलमधली काळी कांडी लेकरं फोडून काढायची, तीही याच जातीतली. कोळसा, हिरा आणि ग्रॅफाइट मुळात एकच, कार्बन. ग्रॅफाइटमध्ये कार्बनचे थर भाकरीच्या पापुद्र्यासारखे एकावर एक बसलेले असतात. बॅटरी चार्ज होताना लिथियम या पापुद्र्यांच्या मध्ये जाऊन बसतं आणि गाडी चालताना बाहेर येतं. म्हणून बॅटरीला ग्रॅफाइट लागतं.

पेन्सिलीला कसंही ग्रॅफाइट चालतं. बॅटरीला मात्र ९९.९५ टक्के शुद्ध लागतं. म्हणजे १० हजार किलोत फार तर ५ किलो घाण. इथूनच सगळा खेळ सुरू होतो.

पहिली पायरी म्हणजे खाणीतला दगड दळणं. मग पाण्यात घालून त्यात रॉकेल किंवा डिझेलसारखं तेल आणि फेस आणणारं द्रव्य टाकून हवा सोडतात. ताक घुसळताना लोणी वर येतं तसं ग्रॅफाइट फेसाबरोबर वर तरंगतं आणि माती-दगड खाली बसतो. वरचं काढून घेतात. खाली राहिलेला गाळ मोठ्या तलावात सोडतात. खाणीतल्या दगडात ग्रॅफाइट थोडं आणि बाकीचं जास्त असतं, त्यामुळे हा गाळच ढिगाने असतो. एवढं करून साधारण ९० ते ९५ टक्के शुद्ध माल मिळतो. इथपर्यंत बहुतेक काम दळण्या-पाखडण्याचंच आहे.

राहिलेली ५ ते १० टक्के घाण पाखडून जात नाही. ती ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांमध्ये अडकलेली असते. तिच्यात मुख्य असते सिलिका, म्हणजे आपली गारगोटी. शिवाय ॲल्युमिनियम, लोह, कॅल्शियम, मॅग्नेशियम यांची संयुगं. लोह आणि कॅल्शियम साध्या मिठाच्या ॲसिडने, म्हणजे हायड्रोक्लोरिकने बरंचसं जातं. गारगोटी जात नाही. गारगोटीला साध्या ॲसिडचं भय नाही, म्हणून तर ॲसिड काचेच्या बाटलीत ठेवतात. काच गारगोटीचीच बनते.

गारगोटीला खाणारं एक ॲसिड आहे. हायड्रोफ्लोरिक, छोट्या नावाने एचएफ. ते काचेच्या बाटलीत ठेवता येत नाही, बाटलीच खातं. ग्रॅफाइट शुद्ध करायची ही पहिली आणि स्वस्त पद्धत. ग्रॅफाइट एचएफमध्ये, सोबत हायड्रोक्लोरिक किंवा सल्फ्युरिक घालून, गरम करत भिजवायचं. गारगोटी विरघळते, ग्रॅफाइट जसंच्या तसं राहतं. मग पाण्याने धुवायचं. पुन्हा धुवायचं. धुणं निघेपर्यंत धुवायचं. जगात या धंद्यावर चीनचा कब्जा आहे. बॅटरीच्या ग्रॅफाइटची ९० टक्क्यांहून जास्त प्रक्रिया तिथं होते, आणि तिथं ही पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली गेली.

आता हिशेब करू. हा हिशेब रसायनाच्या समीकरणातून निघतो, बारावीची केमिस्ट्री झालेला कुणीही कागदावर मांडू शकतो. एक किलो गारगोटी विरघळवायला कमीत कमी १.३३ किलो एचएफ लागतं. नंतर ते विषारी पाणी शांत करायला त्यात चुना टाकतात. त्याला सुमारे अडीच किलो कळीचुना विझवलेला लागतो. शेवटी हातात येतो सुमारे ३.६ किलो कोरडा गाळ, कॅल्शियम फ्लोराइड आणि गारगोटी यांचा. समजा ९५ टक्क्यांचं एक टन ग्रॅफाइट आलं आणि त्यातली ५० किलो घाण सगळी गारगोटीच धरली, तर ६७ किलो एचएफ, १२३ किलो चुना आणि १८० किलो गाळ. म्हणजे ५० किलो घाण काढायला गेलो आणि १८० किलो घाण तयार केली. हे कागदावरचं. कारखान्यात ॲसिड हिशेबापेक्षा जास्तच टाकावं लागतं, आणि गाळ कधी कोरडा नसतो, ओला असतो. एका टनाचं हे गणित. कारखाना वर्षाला हजारो टनांचा असतो.

आपला प्रश्न सरळ आहे. ही घाण जाते कुठं?

एक भाग हवेत जातो. गारगोटी आणि एचएफ यांचा वायू होतो, एचएफची वाफही उडते. ती धुऊन काढायला स्क्रबर लावावा लागतो. स्क्रबर बंद असेल तर ती वाफ पिकावर बसते, पानांच्या कडा जळतात. दुसरा भाग गाळात जातो. तिसरा भाग पाण्यात जातो, आणि खरी गोम इथं आहे.

कंपनीवाले सांगतात, आम्ही चुना टाकून पाणी साफ करून सोडतो. चुना टाकल्यावर फ्लोराइड खाली बसतं हे खरं आहे. पण पूर्ण बसत नाही. कॅल्शियम फ्लोराइड एक लिटर पाण्यात सुमारे १६ मिलिग्रॅम विरघळतंच. म्हणजे लिटरमागे जवळपास ८ मिलिग्रॅम फ्लोराइड पाण्यात राहू शकतं. आता कायदा बघा. कारखान्याने नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला २ मिलिग्रॅमच्या वर नसावं. पिण्याच्या पाण्यात १ मिलिग्रॅम बरं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत, त्याच्या वर चालत नाही. म्हणजे नुसत्या चुन्यावर भागत नाही. चुन्यानंतर तुरटी किंवा ॲल्युमिना वापरून दुसऱ्यांदा साफ करावं लागतं. हे तंत्र कुठल्या परदेशातून आणायची गरज नाही. तुरटी आणि चुना वापरून पिण्याच्या पाण्यातलं फ्लोराइड काढायची नलगोंडा पद्धत आपल्या नागपूरच्या नीरी संस्थेनेच बसवली. पण दुसरी टाकी, दुसरा खर्च, दुसरा गाळ. खर्च वाचवायचा झाला की पहिल्यांदा हीच टाकी बंद पडते.

फ्लोराइड माणसाला काय करतं हे आपल्या लोकांना पुस्तकातून शिकायची गरज नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या किनवट भागातल्या साथींनी गावं दाखवली आहेत. लेकरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे, मोठ्यांची हाडं ताठ, मान वळत नाही, पाय वाकडे. हाडांचा फ्लोरोसिस एकदा झाला की औषधाने मागे जात नाही. तिथं हे फ्लोराइड जमिनीतल्या खडकातून येतं, कारखान्यातून नाही. आणि झाबुआ-अलिराजपूरच्या बोअरच्या पाण्यातही ते आधीपासून आहे. ज्या मुलखात पाण्यात आधीच फ्लोराइड आहे, तिथं आणखी फ्लोराइड सोडणारा कारखाना म्हणजे काय, ते आम्ही वेगळं सांगायला नको.

आणि काम करणाऱ्याचं काय? एचएफ अंगावर पडलं तर इतर ॲसिडसारखं लगेच भाजत नाही. पातळ असेल तर काही तास कळतसुद्धा नाही. ते कातडीतून आत जातं, रक्तातलं आणि हाडातलं कॅल्शियम धरतं, आणि कॅल्शियम कमी झालं की हृदय बंद पडू शकतं. त्यावर पहिला उपाय कॅल्शियम ग्लुकोनेटचं मलम, लगेच, जागेवर. दक्षिण कोरियात गुमी शहरात २७ सप्टेंबर २०१२ ला एका कारखान्यात एचएफ गळालं. ५ जण मेले, हजारो लोकांना दवाखाना गाठावा लागला, आसपासची पिकं जळाली, जनावरं आजारी पडली. तो कारखाना ग्रॅफाइटचा नव्हता, पण ॲसिड तेच.

आता काही लोक म्हणतील, एचएफ जुनं झालं, आता नवीन पद्धती आल्या. खरं आहे, आल्या आहेत. त्याही समजून घेऊ, कारण उद्या आपल्यासमोर "आमची पद्धत एचएफमुक्त आहे" असा कागद ठेवला जाईल.

दुसरी पद्धत कॉस्टिक सोड्याची. ग्रॅफाइटमध्ये कॉस्टिक सोडा मिसळून भट्टीत तापवतात. गारगोटी सोड्याशी मिळून पाण्यात विरघळणारी होते. मग पाण्याने धुतात, नंतर हायड्रोक्लोरिक किंवा सल्फ्युरिकने धुतात, परत पाण्याने. यात एचएफचं भय नाही ही मोठी गोष्ट आहे, ती मान्य केली पाहिजे. पण सोडा भरपूर लागतो, पाणी भरपूर लागतं, आणि बाहेर पडतं ते सोडियमच्या क्षारांचं खारं पाणी. आपली जमीन काळी. काळ्या जमिनीत सोडियम मुरलं की माती घट्ट बसते, पाणी आत जात नाही, पावसात चिखल आणि उन्हात दगड. याला आपल्याकडे चोपण जमीन म्हणतात. चोपण झालेलं रान परत सुधारायला जिप्सम टाका, चर खोदा, वर्षं जातात. आणि सुधारायचा खर्च ज्याच्या नावावर सातबाराही नाही त्या गायरान कसणाऱ्याने कुठून करायचा? तेव्हा एचएफमुक्त म्हणजे घाणमुक्त असं समजू नका. त्यांना विचारायचं, खाऱ्या पाण्याचं काय करता?

तिसरी पद्धत क्लोरीनची. हजार अंशाच्या वर तापलेल्या भट्टीत क्लोरीन वायू सोडतात, घाणीची क्लोराइडं होऊन उडून जातात. क्लोरीन हा विषारी वायू. गळाला तर आसपासच्या वस्तीला पळायला वेळ मिळत नाही.

चौथी पद्धत नुसत्या उष्णतेची. २,७०० ते ३,००० अंशांपर्यंत तापवलं की घाणच वाफ होऊन जाते, ॲसिड लागत नाही. पाण्याच्या दृष्टीने ही बरी. पण वीज अफाट लागते. ती वीज आपल्या राज्यात आजही बरीचशी चंद्रपूर-कोराडीच्या कोळशातून येते, आणि तो कोळसा ज्या जंगलातून निघतो तिथंही आपलीच माणसं आहेत. पेट्रोलियम कोकपासून जे कृत्रिम ग्रॅफाइट बनवतात त्यालाही एवढीच भट्टी तापवावी लागते.

याशिवाय एक गोष्ट सगळ्या पद्धतींना लागू. बॅटरीसाठी ग्रॅफाइटचे बारीक पापुद्रे घासून गोल मण्यासारखे करतात. त्यात मालाचा मोठा हिस्सा भुकटी होऊन बाजूला पडतो. झाकण नीट नसेल तर ही भुकटी उडते. २०१६ मध्ये वॉशिंग्टन पोस्ट या अमेरिकन वर्तमानपत्राने चीनमधल्या ग्रॅफाइट कारखान्यांजवळच्या गावांची हकीकत छापली. पिकांवर चमकणारी काळी धूळ, घरात धूळ, पाणी पिता येत नाही. तिथले शेतकरी जे सांगत होते ते इथल्या कुणाही शेतकऱ्याला भाषांतराशिवाय कळेल.

मग पाण्याचा प्रश्न आपल्या जिल्ह्यात कसा आहे? बिडकीन हे शहर आणि पैठण यांच्या मध्ये. पैठणला नाथसागर. १९६५ ला पायाभरणी झाली, १९७६ ला धरण पुरं झालं, आणि आज संभाजीनगर शहर तेच पाणी पितं, कारखानेही तेच वापरतात. शहरातून वाहणाऱ्या खाम नदीचं काय झालं ते कुणालाही पुलावर उभं राहून दिसतं. शिवाय आपला खडक काळा पाषाण. याच्यात पाणी भेगांतून फिरतं. एका जागी जमिनीत सोडलेली घाण शेजारच्या विहिरीत न येता दोन शेतं सोडून तिसऱ्या विहिरीत निघू शकते. मग सिद्ध कसं करणार की ती कारखान्याचीच? हा प्रश्न डोक्यात ठेवा, शेवटी परत त्याच्याकडे येतो.

आता कायद्याचं. पूर्वी आपण म्हणायचो, जनसुनावणीत बघून घेऊ. तो दरवाजा दोन्ही बाजूंनी बंद होत चालला आहे.

खाणीच्या बाजूने बघा. ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेने खाण कायद्यात बदल करून महत्त्वाच्या खनिजांची यादी केली, त्यात ग्रॅफाइट आहे, आणि त्यांचा लिलाव करायचा अधिकार केंद्राने स्वतःकडे घेतला. ८ सप्टेंबर २०२५ ला केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने आदेश काढून अशा खनिजांच्या खाणींना जनसुनावणीतून सूट दिली. देशाच्या संरक्षणाची गरज असं कारण दिलं. पेसा कायद्यात खाणीच्या परवान्याआधी ग्रामसभेची शिफारस लागते, पण ती फक्त गौण खनिजांना. ग्रॅफाइट गौण खनिजात येत नाही.

कारखान्याच्या बाजूने बघा. पर्यावरण परवानगीच्या २००६ च्या अधिसूचनेत मंजूर औद्योगिक वसाहतीतल्या प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट ठेवलेली आहे. आणि आपला जिल्हा तर पाचव्या अनुसूचीत नाहीच. मराठवाड्यात एकटा किनवट भाग अनुसूचित आहे. कन्नड, सोयगाव, वैजापूरचा भिल-ठाकर पेसाबाहेर.

मग हातात काय उरतं? बरंच उरतं, पण ते आपल्याला उचलावं लागेल.

अनुसूचित क्षेत्रात जमीन घ्यायची तर २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम ४१ प्रमाणे ग्रामसभेची आधी संमती लागते. जंगलावरचे सामूहिक हक्क २००६ च्या वनहक्क कायद्याने मिळतात, आणि तो कायदा अनुसूचित क्षेत्राबाहेरही, आपल्या जिल्ह्यातही चालतो. १८ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने नियमगिरीच्या खटल्यात सांगितलं की डोंगरावरचे हक्क ग्रामसभांनी ठरवावेत. १२ ग्रामसभा झाल्या, बाराही गावांनी खाणीला नाही म्हटलं. म्हणून ज्यांचे सामूहिक दावे अजून दाखल नाहीत त्यांना आम्ही पुन्हा सांगतो, दावा हा नुसता सरपण-मोहाचा कागद नाही. उद्या परवाना घेऊन कुणी आलं तर गावाच्या हातात तोच कागद असणार.

आपल्या जिल्ह्यातला गायरानाचा प्रश्नही याला लागूनच आहे. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ ला भूमिहीनांचे सत्याग्रह केले. त्यानंतर कितीतरी वर्षांनी, १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची दलित-आदिवासींची गायरानावरची अतिक्रमणं नियमित करायचं ठरलं. ज्यांची नोंद झाली ते वाचले. ज्यांची राहिली ते आजही कागदावर "अतिक्रमक" आहेत. रान चोपण झालं, विहीर नासली, तर नुकसानभरपाईच्या यादीत पहिल्यांदा नाव गळतं ते अतिक्रमकाचं. आम्ही नोंदीसाठी एवढा आग्रह का धरतो ते यावरून समजा.

एक आक्षेप आपल्याच पोरांकडून येतो, त्याचं उत्तर दिलं पाहिजे. ते म्हणतात, "कारखाना आला तर काम मिळेल. आणि विजेच्या गाड्यांनी धूर कमी होतो, त्याला विरोध कसा करायचा?" साथींनो, आपण विजेच्या गाडीला विरोध करत नाही. धूर कमी झाला तर चांगलंच आहे. आणि कामाची गरज कुणाला नाही? ऊसतोडीला जाण्यापेक्षा गावाजवळ काम मिळालं तर कुणालाही हवंच आहे. पण शहरातल्या रस्त्यावरचा धूर कमी करताना ती घाण गावाच्या विहिरीत आणून ठेवायची, ही वाटणी आपल्याला मान्य नाही. आणि काम म्हणाल तर पोरगा ॲसिडच्या टाकीवर ठेकेदाराचा माणूस म्हणून उभा राहणार, हातमोजे फाटलेले, मलम कुठं आहे माहीत नाही, तर ते काम कसलं? काम पाहिजे, पण कायमचं आणि जिवंत ठेवणारं पाहिजे. जुन्या बॅटऱ्यांतलं ग्रॅफाइट परत काढता येतं. पाणी परत-परत वापरता येतं. फ्लोराइड दुसऱ्या टाकीत काढता येतं. हे सगळं होऊ शकतं. होत नाही, कारण विहिरीत टाकणं फुकट पडतं.

आता कामाचं सांगतो. युवा गटाचा प्रस्ताव असा आहे:

१) विहिरीचा आजचा आकडा लिहून ठेवा. कारखाना किंवा खाण यायच्या आधी प्रत्येक गावातल्या दोन विहिरी आणि एका बोअरचं पाणी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेतून तपासून घ्या. फ्लोराइड, क्षार, सोडियम, आम्लता हे चार आकडे बघा. अहवाल ग्रामसभेत वाचा, ठरावाच्या वहीत नोंदवा. मघाशी विचारलं ना, सिद्ध कसं करणार? आधीचा आकडा हातात असेल तरच. नसेल तर "तुमचं पाणी पहिल्यापासूनच असं होतं" हे उत्तर ठरलेलं आहे.

२) कुठल्याही नव्या रासायनिक कारखान्याबद्दल माहिती अधिकारात अर्ज टाका. ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. प्रश्न हेच: शुद्धीकरणाची पद्धत कोणती? एचएफ, कॉस्टिक की क्लोरीन? दिवसाला पाणी किती घेणार, किती सोडणार, कुठं सोडणार? गाळ किती आणि कुठं नेणार? प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्राची प्रत द्या.

३) घातक रसायनांच्या १९८९ च्या नियमांप्रमाणे एचएफ किंवा क्लोरीनचा मोठा साठा असेल तर अपघाताच्या वेळी काय करायचं याची योजना कारखान्याबाहेरच्या वस्तीसाठीही असावी लागते, आणि आसपासच्या लोकांना ती आधी सांगावी लागते. जिल्हाधिकारी कार्यालयात ती मागा. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात कॅल्शियम ग्लुकोनेट आहे का, ते विचारा.

४) जे साथी औद्योगिक वसाहतीत ठेक्यावर काम करतात त्यांनी आपण कोणतं रसायन हाताळतो त्याचं नाव पिंपावरच्या चिठ्ठीवरून उतरवून आणावं. नाव कळलं की त्याचा धोका आणि उपाय काढून द्यायचं काम युवा गट करेल.

५) नंदुरबार आणि अलिराजपूरच्या साथींशी बोलणं चालू करू. सरदार सरोवरात मणिबेली बुडालं आणि जलसिंधीही बुडालं, तेव्हा राज्याची हद्द आडवी आली नव्हती. ग्रॅफाइटच्या वेळीही यायचं कारण नाही. तिकडे खाण निघाली आणि इकडे धुणं आलं, तर दोन्ही गावांचे कागद एका पिशवीत पाहिजेत.

हे पाच मुद्दे घेऊन पुढच्या महिन्याच्या बैठकीला प्रत्येक गावाने निदान पहिलं काम करून यावं. पाण्याचा अहवाल आणा. बाटली स्वच्छ धुऊन, त्याच विहिरीच्या पाण्याने दोनदा खळबळून मग भरा, आणि तिच्यावर गाव, विहीर, तारीख लिहा. कुणाला अडचण आली तर युवा गटातलं कोणीतरी सोबत येईल.

जल, जंगल, जमीन आपली!

जोहार, जिंदाबाद!